तीन नंबरचं वाक्य

ताईंना फोन लावला की त्या आधी "हॅलो" म्हणायच्या आणि गप्प बसायच्या. मग आपण "हॅलो ताई" म्हणायचं. त्यावर त्या विचारायच्या, "तुझा आवाज येतोय. माझा येतोय का?" आपण "येतोय" म्हटल्याशिवाय कामाचा एक शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. फोन ठेवतानाही तेच. "ठेवू?" "ठेवा ताई." "ठेवते हं." मग कुठे खट्ट आवाज व्हायचा. आमच्या रुग्णालयातल्या एक्स-रे विभागातले लोक म्हणायचे, "मॅडमकडे आधी आरती होते, मग प्रसाद मिळतो."

बुरहानपुरातल्या एका खाजगी रुग्णालयात त्या कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळत होत्या आणि मी सहा वर्षं त्यांच्या हाताखाली होते. सगळं रुग्णालय त्यांना मॅडम म्हणायचं. मी पहिल्या आठवड्यात चुकून ताई म्हणाले आणि त्यांनी ते तसंच चालू दिलं. उंच, किडकिडीत बाई. अंगावर सुती साडी, पायात शाळेच्या पोरांचे पांढरे पीटीचे बूट, आणि कमरेला चामड्याचा पट्टा. त्यात पक्कड, टॉर्च, चिकटपट्टी. चष्म्याची दोरी तुटली तेव्हा त्यांनी निळ्या केबलमधली एक बारीक तार सोलून तिची दोरी केली, आणि ती पुढे कधी बदललीच नाही.

माझी मुलाखत त्यांनीच घेतली. मी सर्टिफिकेटांची फाइल पुढे केली तर त्यांनी ती उघडली नाही. म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्यावर सिस्टर आहेत. त्यांना सांगून ये, आज चार वाजता दहा मिनिटं लाइन बंद राहील."

मी धावत गेले, सांगितलं, धावत आले.

"सांगितलं?"

"हो मॅडम."

"त्या काय म्हणाल्या?"

"मान हलवली."

"त्यांना काय कळलं?"

मी पुन्हा तीन जिने चढले. सिस्टर एका पेशंटची सलाईन बदलत होत्या. मला बघून म्हणाल्या, "अगं हो, दहा वाजता लाइट जाणार आहे ना? सांगितलं मी सगळ्यांना." मी त्यांना नीट समजावलं, त्यांच्याकडून वदवून घेतलं, आणि नोकरी गेली असं धरून खाली आले. ताई म्हणाल्या, "उद्यापासून ये. तुझ्या आधी चार जण आले होते. चौघंही इथंच उभं राहून माझ्याशी वाद घालत बसले. तू परत गेलीस."

त्यांचे वडील शहरात यंत्रमाग दुरुस्त करत फिरायचे. त्या लहानपणी त्यांच्याबरोबर कारखान्यांतून जायच्या. मागाचं एक वैशिष्ट्य त्या मला नेहमी सांगत. बाण्याचा, म्हणजे आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. एक बारीक काटा धाग्याला चाचपत असतो, धागा हाताला लागला नाही की सगळं यंत्र खटकन उभं. "आणि तो काटा खराब असला ना," ताई म्हणायच्या, "तर माग मजेत चालत राहतो. खट खट खट. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय छान चाललंय. आणि कापड उलगडलं की मध्ये हातभर जाळी. बाबा सांगायचे, तुटण्याची भीती बाळगू नये, तुटलेलं न कळण्याची बाळगावी." नेटवर्कबद्दल त्यांनी मला जे काही शिकवलं, ते सगळं या काट्याभोवती फिरायचं.

पासवर्डच्या बाबतीत तर त्या सोवळंच पाळायच्या. समोर कोणी पासवर्ड टाइप करायला लागलं की त्या उठायच्या, भिंतीकडे जायच्या आणि नाक भिंतीला टेकवून उभ्या राहायच्या. नुसती मान वळवणं त्यांना पुरेसं वाटत नसे. मोठे डॉक्टर एकदा म्हणाले, "अहो मॅडम, तुम्हीच तर बनवून दिलाय ना मला पासवर्ड?" ताई भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "मी बनवून दिलेला तुम्ही पहिल्याच दिवशी बदलायचा होता, साहेब. नाही बदलला का?" मग बराच वेळ कळा दाबल्याचा आवाज येत राहिला. सगळ्या यंत्रणेची मुख्य किल्ली, म्हणजे तो मोठा पासवर्ड, त्यांनी दोन तुकडे करून दोन लिफाफ्यांत बंद करून ठेवला होता. एक डॉक्टरांकडे, एक मेट्रनबाईंकडे. "उद्या मी रस्त्यात पडले तर रुग्णालय अडू नये, आणि दोघांपैकी एकाचं डोकं फिरलं तरी काही बिघडू नये," एवढंच त्याचं कारण.

त्यांच्या विक्षिप्तपणाची खरी गोष्ट मात्र दराब्याच्या डब्याची. ताईंची धाकटी बहीण नेपानगरला, कागद कारखान्याच्या वसाहतीत राहायची. तिला दराबा, म्हणजे आमच्याकडची रवा-तुपाची मिठाई, फार आवडायचा. ताई बुरहानपूरहून बसमधून डबा पाठवायच्या. कंडक्टर ओळखीचा होता, पण डबा पोचेपर्यंत निम्मा व्हायचा. दुसरं कोणी असतं तर कंडक्टरला बोललं असतं. ताईंनी लोहाराकडून डब्याला मोठी कडी बसवून घेतली, दोन कुलपं मावतील अशी. मग डबा भरला, आपलं कुलूप लावलं आणि पाठवला. किल्ली पाठवली नाही.

मी विचारलं, "मग त्या उघडणार कशा?"

"बघ तर."

बहिणीने त्यावर आपलं दुसरं कुलूप लावून डबा परत पाठवला. ताईंनी आपलं कुलूप काढलं आणि बहिणीचं कुलूप असलेला डबा पुन्हा नेपानगरला रवाना केला. तिने आपल्या किल्लीने उघडला. किल्ली कोणाचीच प्रवासाला गेली नाही आणि डबा एकदाही उघडा फिरला नाही. दराब्याच्या एका डब्यासाठी बसच्या तीन फेऱ्या! चौथ्या दिवशी खाताना तो कडक झालेला असायचा म्हणे. पण ताईंनी तो खेळ दोन महिने चालवला, आणि त्या दोन महिन्यांत मला जे समजलं ते कॉलेजच्या पुस्तकाने तीन वर्षांत समजावलं नव्हतं.

मग एके दिवशी बहिणीचा फोन आला. आधी सगळी आरती झाली आणि मग तिने सांगितलं की या खेपेला तिच्याकडे डबा आलाच नाही. पण ताईंकडे तर तो दोन कुलपांनिशी परत आला होता! त्यांनी आपलं कुलूप काढून पुढे पाठवलाही होता. हे सगळं जुळवून बघताच त्या एवढ्या मोठ्यांदा हसल्या की ओपीडीतले लोक वळून बघायला लागले.

"कंडक्टर! अगं, त्याने स्वतःचं कुलूप लावलं!"

दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या बसस्टँडवर गेल्या. कंडक्टरला वाटलं आता आपली तक्रार होणार. तो आधीच हात जोडून म्हणाला, "मॅडम, गलती झाली. घरी पोरांना द्यायला नेला."

"ते राहू द्या. कुलूप लावायचं सुचलं कसं तुम्हाला?"

"रोज बघतो ना मॅडम, एका कुलपाचा जातो, दोनचा येतो. मी म्हटलं, दुसरं कुलूप कोणाचं आहे ते तुम्हाला काय मालूम पडणार?"

ताई त्याच्याकडे अशा बघत राहिल्या, जसं एखाद्या गवयाकडे बघावं. परतीच्या वाटेवर मला म्हणाल्या, "ऐकलंस? दुसरं कुलूप कोणाचं ते मला कसं कळणार. माझा सगळा बंदोबस्त या एका प्रश्नावर कोसळला, आणि तो प्रश्न त्याने विचारला." त्यानंतर बहिणीच्या कुलपावर त्यांनी एक खूण कोरून घेतली, जी फक्त त्या दोघींना माहीत. आणि त्या आठवड्यात आमच्या रुग्णालयातल्या प्रत्येक यंत्राची ओळख पुन्हा तपासली गेली. प्रयोगशाळेकडून आलेला रिपोर्ट खरोखर प्रयोगशाळेकडूनच आला आहे, मध्ये बसलेल्या कोणाकडून नाही, याची खात्री पटेपर्यंत त्यांनी मला घरी जाताना सुद्धा दोनदा परत बोलावलं.

आमच्या रुग्णालयाची एक छोटी शाखा डोईफोडियाला होती. दहा खाटा, एक डॉक्टर, दोन सिस्टर. तिथून इथे फायबरची लाइन होती. ती तुटली तर अडचण नको म्हणून व्यवस्थापनाने दुसऱ्या कंपनीकडून दुसरी लाइन घेतली. कागदावर दोन वाटा झाल्या, सगळे निश्चिंत झाले. ताई झाल्या नाहीत. त्यांनी लागोपाठ काही रविवार पायी चालायला सुरुवात केली. बुरहानपूरहून डोईफोडियाकडे, लाइनीच्या बाजूने, टप्प्याटप्प्याने, हातात वही आणि डोक्यावर छत्री घेऊन. एका रविवारी मीही गेले होते. केळीच्या बागा संपल्या, कापसाची शेतं लागली, पुढे जंगलाची कड दिसायला लागली, आणि त्या प्रत्येक खांबापाशी आणि प्रत्येक झाकणापाशी थांबून वहीत काहीतरी लिहीत होत्या. सोमवारी त्यांनी ती वही डॉक्टरांपुढे ठेवली. दोन्ही कंपन्यांच्या लाइनी अर्ध्याहून जास्त रस्ता एकाच चरातून जात होत्या.

"म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हणजे आपल्याकडे एकच वाट आहे. नावं दोन आहेत."

त्यातून तिसरी, बिनतारी वाट उभी राहिली. रुग्णालयाच्या गच्चीवर अँटेनाची एक तबकडी, मधल्या टेकडीवर लोखंडी मनोऱ्यावर दोन, आणि डोईफोडियाच्या छतावर एक. चौपन्न वर्षांची ती बाई साडीचा कासोटा मारून त्या मनोऱ्यावर चढली आणि तबकडी बोटभर इकडे, बोटभर तिकडे करत सबंध दुपार वर बसून राहिली. मी खाली उभी राहून आकडे ओरडून सांगत होते आणि त्या प्रत्येक आकडा परत ओरडून मला ऐकवत होत्या.

त्या वाटेवर त्यांनी एक साधा फोन ठेवला होता. आणि दोन्हीकडच्या सिस्टरांना एक शिस्त लावली होती, जिची सगळे टर उडवायचे. त्या फोनवर बोलताना प्रत्येक वाक्याला नंबर द्यायचा. एक, अमुक. दोन, तमुक. ऐकणाऱ्याने नंबरासकट परत म्हणायचं. ताई समजावायच्या, "फाइल पाठवतो तेव्हा मधला तुकडा हरवला तर मशीन तो परत मागून घेतं. आवाजाचं तसं नाही. आवाज कोणासाठी थांबत नाही. गेला तुकडा तो गेला, पुढचं बोलणं चालूच. तिथं मागून घ्यायचं काम माणसाचं."

श्रावणातल्या एका दुपारी रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीने तो चर उखडला. दोन्ही लाइनी एका फटक्यात गेल्या. त्या भागातले मोबाइलचे टॉवरही त्याच लाइनीवर होते, तेही बंद पडले. वर पाऊस. बिनतारी तबकडी तेवढी जिवंत होती, पण पावसात तिची ताकद कमी झाली होती. माझ्यासमोरच्या पडद्यावर दिसत होतं, पाठवलेल्यापैकी बरंच काही वाटेतच गळत होतं.

अडीचच्या सुमारास तो फोन वाजला. मोठे डॉक्टर योगायोगाने आमच्याच खोलीत होते, लाइन कधी सुरू होणार ते विचारायला आले होते. ताईंनी फोन उचलला आणि स्पीकर लावला. डोईफोडियाची सिस्टर बोलत होती. मागे गडबड ऐकू येत होती.

"मॅडम, एक. सुनीता म्हणून बाई आहे, डिलिव्हरी झाली, रक्त थांबत नाहीये, हलवता येत नाही. दोन. ब्लड ग्रुप बी पॉझिटिव्ह."

मग नुसती खरखर. दोन-तीन सेकंद असतील.

"...चार. दोन पिशव्या लगेच पाठवा मॅडम, लगेच."

डॉक्टर उठलेच. दारात उभ्या असलेल्या ड्रायव्हरला म्हणाले, "बी पॉझिटिव्ह, दोन बॅग, रक्तपेढीतून घे आणि पळ."

"थांबा," ताई म्हणाल्या. "तीन नंबर आलं नाही."

"काय?"

"एक आलं, दोन आलं, चार आलं. तीन आलं नाही."

"मॅडम, कळलंय ना सगळं! पेशंट कळली, ग्रुप कळला, किती पाहिजे ते कळलं. तीनमध्ये अजून काय असणार आहे?"

"तेच माहीत नाही साहेब."

त्या फोनकडे वळल्या. "सिस्टर, तीन परत." खरखर. "सिस्टर, तीन. तीन नंबर परत बोल." पलीकडून तुटक काहीतरी आलं, एक शब्दही लागला नाही. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला होता. मी त्यांना इतकं चिडलेलं कधीच पाहिलं नव्हतं. "इथं एक बाई मरतेय आणि तुम्ही शाळा घेताय!" ते ओरडले. ड्रायव्हर एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. ताईंनी दारापर्यंत जाऊन ड्रायव्हरला आत घेतलं, दार लोटलं आणि त्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "तू विचार. हळू. एकेक शब्द."

मी विचारलं, "सिस्टर, तीन." पुन्हा विचारलं. चौथ्या का पाचव्या वेळी पलीकडचा आवाज एकदम स्वच्छ आला, जसं कोणी शेजारून बोलावं.

"तीन. दोन नंबर चुकलं मॅडम. दोन खोडा. ते बाजूच्या खाटेवरच्या सुनीताचं कार्ड होतं. हिचा ओ निगेटिव्ह. ओ निगेटिव्ह."

मी परत म्हणून दाखवलं. "तीन. दोन खोडलं. ओ निगेटिव्ह." ती म्हणाली, "हो, हो, बरोबर."

ताई दारापासून बाजूला झाल्या. डॉक्टर ड्रायव्हरला म्हणाले, "ओ निगेटिव्ह. पेढीत दोनच आहेत, दोन्ही घे." आणि तो पळाला.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. रक्त चढवण्याआधी तिथे पुन्हा तपासणी होतेच. बी पॉझिटिव्ह गेलं असतं तरी ते त्या बाईला चढवलं नसतं. पण गाडी पावसातून तासाभराने पोचली असती, चुकीच्या पिशव्या घेऊन, आणि मग परत येऊन परत जायचे दोन तास त्या बाईकडे नव्हते. तिथल्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की गाडी आणखी अर्धा तास उशिरा आली असती तरी उपयोग नव्हता. गाडी पोचली, रक्त चढलं, बाई वाचली. संध्याकाळी पाचला सिस्टरचा फोन आला, सगळी वाक्यं नंबरासकट.

त्यानंतर आम्ही दोघी गच्चीच्या जिन्यावर जाऊन बसलो. मला वाटत होतं, या बाईला कशाचीच भीती नसावी. मी तसं म्हणालेही. "डॉक्टर एवढे ओरडत होते, तुम्हाला काहीच वाटलं नाही?"



"मला वाटलं, तीन नंबर नसेलच," त्या म्हणाल्या. "घाबरलेली पोरगी, मोजताना चुकली असेल. दोनवरून चारवर गेली असेल. आणि मी दार अडवून एक बाई मारतेय. दाराला पाठ लावून उभी होते तेव्हा हेच चाललं होतं डोक्यात. सारखं."

"मग?"

"मग काय. हरवलंय की नाही हेही मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणून तर विचारत राहिले."

आज मी स्वतः दुसऱ्या एका शहरात अशाच खोलीत बसते. माझ्या हाताखाली माणसं आहेत. पण खात्री नसताना, समोरचा आपल्यापेक्षा मोठा असताना, आणि घड्याळ आपल्या विरोधात धावत असताना तसं दाराला पाठ लावून उभं राहणं मला जमेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्या दिवशी त्या जिन्यावर बसून मी त्या किडकिडीत बाईकडे बघत होते आणि मला कळत नव्हतं की हिच्या शेजारी बसायची आपली लायकी आहे का.

डॉक्टर त्या विषयावर कधी बोलले नाहीत. माफी वगैरे मागणाऱ्यांतले ते नव्हते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला सिस्टरांना सूचना देताना त्यांनी बोट वर करून "एक" म्हटलं, आणि सगळा वॉर्ड त्यांच्याकडे बघत राहिला.

दिवाळीच्या आधी एक बाई आमच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. कडेवर तीन महिन्यांची मुलगी, दुसऱ्या हातात केळ्यांची फणी. "मोठ्या डॉक्टरसायबांची खोली कोन्ती व बाई?" तिने विचारलं. ताई टेबलाखाली बसून एका तारेला चिठ्ठी चिकटवत होत्या. तिथूनच त्यांनी विचारलं, "कुठून आलात?"

"डोईफोडियाहून. सायबांनी माझा जीव वाचवला ना, म्हून पोरीला दाखवायला आली."

मी खुर्चीतून उठलेच. तोंड उघडलं होतं. ताईंनी टेबलाखालून माझा पाय घट्ट धरला. मग त्या हळूहळू बाहेर आल्या, हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "द्या पोरीला इकडे, जिना उंच आहे." मुलीला खांद्यावर घेऊन त्या तिच्या आईला वरच्या मजल्यावर डॉक्टरांच्या दारापर्यंत सोडून आल्या.

परत आल्या तेव्हा हातात एक केळं होतं.

"रस्ता दाखवला म्हणून दिलं तिनं," त्या म्हणाल्या. त्यांनी ते सोललं, अर्धं मला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं, आणि पुन्हा टेबलाखाली गेल्या.